गृहशिक्षण आणि मुलांचे स्वावलंबन

शाळेत न घालता मुलांना घरीच शिकविण्याच्या पद्धतीस गृहशिक्षण किंवा होमस्कूलिंग म्हणतात. या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप अभ्यासाविषयी नसतो. मूल एकलकोंडे आणि परावलंबी होईल, असा तो असतो. आक्षेप अगदीच निराधार नाही. समवयस्कांची सोबत, भांडण आणि समेट, परक्या प्रौढांशी बोलणे या गोष्टी शाळेत न मागता मिळतात. गृहशिक्षणात त्यांची तजवीज करावी लागते.

इतिहास

महाराष्ट्रीय समाजाला घरचे शिक्षण नवे नाही. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना बालपणी आई लक्ष्मीबाईंनी संस्कृत शिकविले. कुटुंब सतत तीर्थयात्रेत असे व पुराणकथनावर चरितार्थ चालवी. रमाबाईही श्रोत्यांसमोर पुराण सांगत. आईवडील दुष्काळात गमावल्यावर भावासह पायी प्रवास करीत त्या १८७८ साली कोलकात्यास पोहोचल्या. तेथे त्यांना 'सरस्वती' ही उपाधी मिळाली. त्यांचे शिक्षण घरचे असले, तरी ते चार भिंतींतले नव्हते.

कायदेशीर स्थिती

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यात गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद नाही. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था किंवा राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा अर्ज, असे मार्ग वापरले जातात.

सहवास आणि स्वावलंबन

छत्रपती संभाजीनगरात पाणचक्की किंवा औरंगाबाद लेणी दाखवून आणणे ही सहल झाली. तेवढ्याने मैत्री जुळत नाही. मैत्रीला तीच मुले पुन्हा पुन्हा भेटावी लागतात. त्यामुळे गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात वर्षभर एकच खेळ खेळणे किंवा ठरलेल्या वारी वाचनालयात जाणे अधिक उपयोगी ठरते. मैदानावरचे भांडण मात्र पालकांनी सोडवू नये. घरी तेच शिक्षक असल्याने हा मोह त्यांना जास्त होतो.

स्वावलंबन टप्प्याटप्प्याने येते. आधी गल्लीतले किराणा दुकान, मग औरंगपुऱ्यात यादी व पैसे घेऊन भाजी आणणे, उरलेली मोड मोजून घेणे. शहर बसमध्ये पालकांनी आरंभी मागच्या आसनावर बसावे, मार्ग अंगवळणी पडल्यावर थांब्यावरच निरोप द्यावा. दहावीचा अर्ज मुलाने स्वतः भरून कागदपत्रांसह संपर्क केंद्रावर नेला, तर कचेरीत परक्याशी बोलण्याचा सरावही होतो.

मर्यादा

रिचर्ड मेडलिन यांनी २०१३ च्या आढाव्यात गृहशिक्षित मुलांची सामाजिक कौशल्ये सर्वसाधारणपणे चांगली असल्याचे म्हटले. परंतु असे अभ्यास मुख्यतः अमेरिकेतले असून त्यांत कुटुंबे बहुधा स्वेच्छेने सहभागी होतात; मराठवाड्यातील मुलांविषयी त्यावरून थेट निष्कर्ष काढता येत नाही.

याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. शाळेत जाणारे मूल रोज घराबाहेरच्या एखाद्या प्रौढाच्या नजरेस पडते. घरी त्रास होत असल्यास तो तेथे कळू शकतो. गृहशिक्षित मुलाला ही नजर आपोआप लाभत नाही. म्हणून ज्यांच्याशी ते पालकांच्या अनुपस्थितीत बोलू शकेल, असे प्रशिक्षक, आत्या, मामा किंवा शेजारी त्याच्या आयुष्यात असणे आवश्यक असते. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांकही त्याला पाठ असावा.