सात शिखरांचा अर्थ
ल्यूबेक ह्या जर्मन नगराचें 1942 पूर्वींचें एक छायाचित्र आमच्यापुढें आहे. पांच ख्रिस्ती देवालयांचीं सात शिखरें त्यांत आकाशास भिडलेलीं दिसतात. देवळाचा कळस पाहून हात जोडणाऱ्या आम्हांस त्यांतील भक्ति सहज उमगते. परंतु येथें दुसराही अर्थ आहे. नगरांतील व्यापाऱ्यांच्या सेंट मेरी देवालयाचीं जोडशिखरें सुमारें 125 मीटर, म्हणजे बिशपाच्या कॅथीड्रलाहूनही उंच आहेत! भक्तीबरोबर नागरिकांचा स्वाभिमान त्यांत बोलतो. 1942 च्या मार्चांतील बाँबवर्षावांत सातांपैकीं पांच शिखरें जळालीं. पुढें तीं पुनः उभारलीं गेलीं. मात्र सेंट मेरींत कोसळलेल्या घंटा पडल्या तेथेंच भग्नावस्थेंत ठेविल्या आहेत. शिखरें पाहणारानें त्या घंटाही पाहाव्या. त्यांवांचून उंचीचा अर्थ पुरा होत नाहीं.