चिनी अक्षर गोंदण्यापूर्वी

आमच्या आज्यांनी गोंदून घेतले तेव्हा अक्षरांची भानगड फारशी नव्हती. गोंदणारीण दारात यायची, सुईने काजळी टोचायची. ठिपके, फूल, फार तर एखादे नाव. आता लाखनीची पोरे भंडारा-नागपूरला जातात, मशीनवाल्याच्या अल्बममधले चिनी अक्षर पसंत करतात आणि दंडावर उमटवून येतात. अक्षराखाली लिहिलेले असते: शांती, शक्ती, बुद्ध. पोरगा विश्वास ठेवतो. मशीनवाल्याला तरी चिनी वाचता येते का, हे कोण विचारतो?

हौसेला आमची हरकत नाही. पण जन्मभर अंगावर वागवायचे ते काय आहे, हे आधी कळायला हवे.

चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. एक चिन्ह म्हणजे बहुधा एक शब्द किंवा शब्दाचा तुकडा. इंग्रजीच्या ए ते झेडसमोर एकेक चिनी चिन्ह मांडलेला जो तक्ता फिरतो, ती निव्वळ थाप आहे. त्यावरून 'राहुल' जुळवले तर वाचणाऱ्याला नुसती अर्थहीन चिन्हांची रांग दिसेल. आणि या लिपीत एका ठिपक्याने अर्थ फिरतो. हात पसरून, पाय फाकवून उभ्या माणसासारखे एक चिन्ह आहे, त्याचा अर्थ 'मोठा'. त्याच्या खांद्याजवळ उजवीकडे ठिपका दिला की झाला 'कुत्रा'!

चिनी भाषेत नाव लिहायचे तर उच्चाराला जवळची आणि अर्थालाही शोभणारी चिन्हे निवडावी लागतात. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला मदतीसाठी गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आणि आमच्या नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीसांचे चिनी नाव 'क दिहुआ'. पाचही जणांच्या नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर आहे. त्याचा अर्थ चीन. १९४२ साली कोटणीस तिथेच वारले. जाणत्याने विचार करून ठेवलेले नाव असे असते.

'बुद्ध' हा शब्दही चिनी लोकांनी उच्चारावरूनच घेतला. आज ते 'फो' म्हणतात. त्या अक्षराचा डावा भाग माणसाचे चिन्ह, उजवा भाग उच्चार सांगणारा. जपानात मात्र हेच अक्षर आता फार थोडक्या रेघांत लिहितात. म्हणजे अल्बममध्ये दोन वेगळी 'बुद्ध' दिसली तर दोन्ही खरी असू शकतात, किंवा दोन्ही चुकलेली!

पैसेवालेही यातून सुटत नाहीत. अमेरिकन गायिका आरियाना ग्रांडे हिने २०१९ मध्ये आपल्या 'सात अंगठ्या' या अर्थाच्या गाण्याचे नाव जपानीत तळहातावर गोंदवले. दुखते म्हणून मधली अक्षरे गाळली. जे उरले त्याचा अर्थ निघाला कोळशाची छोटी शेगडी.

आमच्या घरांत याहून मोठा प्रश्न भरतीचा आहे. पहाटे उठून धावणाऱ्या पोरांनी हे नीट वाचावे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत नाव किंवा धार्मिक चिन्ह चालते. तेही डाव्या हाताच्या कोपराखाली आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागे, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान. उजवा हात सलामीचा. त्यावर चिनी अक्षर असले तर दोन वर्षांची धावाधाव वैद्यकीय तपासणीत संपते. लेझरने पुसायला कित्येक खेपा आणि मजुराला न झेपणारा खर्च, शिवाय डाग राहू शकतो.

तरीही गोंदवायचेच असेल तर चित्र चिनी किंवा जपानी वाचणाऱ्याला दाखवा. 'हे शांती ना?' असे विचारू नका, भिडेखातर माणूस मान डोलावतो. 'काय लिहिले आहे?' एवढेच विचारा. छाप कातडीवर उमटल्यावर त्याचाही फोटो दाखवा, कारण छाप उलटा बसला तर सुई उलटेच गोंदते. सुई नवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेले असावे. कावीळ आणि एचआयव्ही जुन्या सुईतून येतात. गोंदल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही, तेव्हा १४ एप्रिलच्या शिबिरात नाव देणाऱ्यांनी हिशोब करावा.

आणि बुद्धाचेच नाव जुन्या लिपीत हवे असेल तर आपल्या जिल्ह्यातले पवनी आहे. १९६९-७० च्या उत्खननात तिथल्या स्तूपाच्या दगडांवर ब्राह्मी लेख सापडले. ही लिपी, जिला आपल्यातले अनेक जण धम्मलिपी म्हणतात, थोड्या सरावाने स्वतःला वाचता येते. मशीनवाला चुकला तर तिथल्या तिथे हात मागे घेता येतो.