मुंबईहून लंडन किती लांब?

माझी आत्या नर्स आहे. तिला लंडनच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आहे. दिवाळी झाली की ती जाणार. परवा रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. आजी म्हणाली, "अगं, मला काही झालं तर तू किती येळात येशील?" आत्या काहीच बोलली नाही. नुसती भाकरी मोडत बसली. म्हणून मी ठरवले, हा हिशोब आपणच काढायचा.

आपल्या जिल्ह्यात काकडी गावाला शिर्डीचा विमानतळ आहे. तो १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. मला वाटले, आत्या तिथूनच बसेल. पण तिचे विमान मुंबईहून सुटणार आहे.

बाईंनी मला शाळेतला पृथ्वीगोल दिला. मी विषुववृत्तावरून दोरा गुंडाळला व पट्टीने मोजला. ९४ सेंटीमीटर भरला. खऱ्या पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे गोलावरचा १ सेंटीमीटर म्हणजे खरे सुमारे ४२५ किलोमीटर. हा भागाकार बाईंनी करून दिला. मग मुंबईवर बोट दाबून दोरा लंडनपर्यंत ताणला. १७ सेंटीमीटर! १७ गुणिले ४२५ बरोबर ७,२२५. बाई म्हणाल्या, खरे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. तुम्हीपण करून बघा, पण भिंतीवरच्या नकाशावर मोजू नका. नकाशा सपाट असतो, त्यात चुकते.

मोठे विमान तासाला सुमारे ९०० किलोमीटर जाते. मग ८ तास लागायला पाहिजेत. पण विमान दोऱ्यासारखे सरळ जात नाही. जिथे लढाई चालू असते तिथे वळसा घालते. शिवाय वर फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. समोरून वारा आला की सायकल कशी जड जाते, तसेच. म्हणून जाताना सुमारे १० तास आणि येताना सुमारे ९ तास लागतात. येताना वारा मागून ढकलतो.

पूर्वी याहून जास्त वेळ लागायचा. एअर इंडियाचे लंडनला जाणारे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले. ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला पोचले.

एक गंमत आहे. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते, कारण सूर्य आपल्याकडे आधी उगवतो. आत्या दुपारी २ वाजता निघाली तर आपल्याकडे रात्री १२ वाजता पोचेल, पण तिथे संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतील!

आता आजीचा हिशोब. घरून लंडनच्या विमानतळावर १ तास. तिथे आधी जाऊन थांबायचे ३ तास. विमानात ९. मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला १. मुंबईहून आमच्या गावापर्यंत एस.टी.ने ७. एकूण २१ तास. तिकीट लगेच मिळाले तर.

मी आजीला वाचून दाखवले. आजीने बोटांवर मोजले. म्हणाली, "म्हंजी आज सांजच्याला फोन केला तर उद्या दिवेलागणीच्या आत घरात." मग आत्याला म्हणाली, "जा तू."

— इयत्ता ४ थी