दगडातील घास

बाजारातून आणलेला मासा चिरला, की त्याच्या पोटात कधी कधी लहान मासळी सापडते व त्याने काय खाल्ले होते ते कळते. परंतु जो मासा कोट्यवधी वर्षांपूर्वी मेला व ज्याचा दगड झाला, त्याचे अन्न कोणते हे कसे ओळखावे? आम्हांस या प्रश्नाचे फार कुतूहल वाटते.

दातांवरून काही अनुमान निघते. अणकुचीदार दात भक्ष्य धरण्याचे, चपटे दात शिंपले फोडण्याचे. पण काय खाता येईल एवढेच दात सांगतात. काय खाल्ले हे कळण्यास प्रत्यक्ष घासच सापडावा लागतो.

अमेरिकेतील कॅन्सस प्रांती पूर्वी समुद्र होता. तेथील खडूच्या खडकातून जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी १९५२ साली झिफॅक्टिनस या माशाचा सुमारे १४ फुटी सांगाडा काढला. त्याच्या बरगड्यांच्या आत सुमारे ६ फुटांचा, गिलिकस जातीचा सबंध मासा आहे! त्याची हाडे पचनाने विरघळलेली नाहीत. अर्थात गिळणारा लागलीच मेला. भक्ष्याच्या धडपडीने त्यास आतून इजा झाली असावी, असा तर्क आहे. पोटात मोठे भक्ष्य असलेले या जातीचे इतरही सांगाडे मिळाले आहेत. तेव्हा मोठा घास गिळणे ही त्याची सवयच होती, असे म्हणता येते.

आता दुसरे उदाहरण पाहू. जर्मनीत बव्हेरियातील सोल्नहोफेन येथील सुमारे १५ कोटी वर्षांच्या चुनखडीत थार्सिस नावाच्या लहान माशांच्या तोंडात बेलेम्नाइट अडकलेले आढळतात. बेलेम्नाइट म्हणजे माकुळासारखा एक नष्ट झालेला प्राणी. त्याच्या शरीरात टोकदार, कठीण कांडी असे. मग थार्सिस बेलेम्नाइट खात असे काय? नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तो बारीक जीव चोखून घेणारा मासा होता. मेलेल्या, तरंगत्या बेलेम्नाइटवरील शेवाळ वा कुजके मांस चोखताना कांडी तोंडात शिरली, कल्ल्यांतून बाहेर आली व तेथेच रुतली. ती ना गिळता आली, ना थुंकता आली.

दोन्ही ठिकाणी घास दिसतो, पण एक पोटात पोहोचलेला व दुसरा वाटेतच अडलेला. म्हणून घास पाहताच निर्णय देऊ नये; तो कोठे आहे हे आधी पाहावे. दगडात टिकून राहिलेला घास नेहमीच्या जेवणाचा असेलच असे नाही. तो एखाद्या प्राणघातक चुकीचाही असू शकतो.