प्राथमिक शाळेतील संगणक : पाहण्यापलीकडचे शिक्षण

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी विमानतळ उभारला आणि पुढे त्याच परिसरात वैमानिक घडवणारी राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आली. अशा प्रशिक्षणात सिम्युलेटर, म्हणजे उड्डाणाचा अनुभव जमिनीवरच देणारे संगणकीय यंत्र, वापरले जाते. तेथे शिकणाऱ्याचा हात नियंत्रणावर असतो आणि चूक झाली तर तिचा परिणाम त्याला तत्काळ दिसतो. प्राथमिक शाळेतील संगणकशिक्षणाला नेमकी हीच गोष्ट हवी आहे.

महाराष्ट्रात २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी लोकवर्गणीतून दूरदर्शन संच, प्रोजेक्टर आणि टॅबलेट मिळवले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची, म्हणजे मोबाइलने टिपताच ध्वनी किंवा चित्रफीत उघडणाऱ्या चौकोनी खुणेची, जोड दिली; त्यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. हे काम मोलाचे असले, तरी संगणकाच्या साहाय्याने कविता ऐकणे आणि संगणक हाताळायला शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतील संगणक व माहिती-तंत्रज्ञानाचा घटकही सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी असल्याने पहिली ते पाचवीचे मूल बहुधा प्रेक्षकच राहते.

संगणक हाताळण्याची सुरुवात स्वतःच्या भाषेतील टंकलेखनापासून व्हावी. भारतीय लिप्यांसाठी प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला येतात, त्यामुळे वर्णमाला नुकतीच शिकलेल्या मुलाला त्यातील रचना ओळखता येते. ‘बिरसी’ लिहिताना पहिली वेलांटी कागदावर ‘ब’च्या डावीकडे दिसते, पण कळफलकावर आधी ‘ब’ आणि मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम पाळावा लागतो. ‘क्ष’ हवा असेल तर क, हलन्त आणि ष अशा घटकांतून तो घडवता येतो. मराठी शब्द रोमन अक्षरांतून उमटवण्याची सवय आधी लागली, तर भाषेची ही उकल मुलाच्या हाती येत नाही, आणि ती हानी किरकोळ समजू नये.

क्रमाचा हाच विचार पुढे आज्ञावलीकडे, म्हणजे संगणकाला टप्प्याटप्प्याने द्यायच्या सूचनांकडे, नेतो. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. तिच्यातील कासवाला ‘पुढे जा, वळ’ असे सांगून मुले आकृत्या काढत आणि आकृती बिघडली की सूचना तपासत. हा खेळ यंत्राविनाही होतो : अंगणात चौकोन आखावा, एका मुलाने सूचना द्याव्यात, दुसऱ्याने त्या अक्षरशः पाळाव्यात. मुंबईच्या आयआयटीत श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या शालेय अभ्यासक्रमातही विचारकौशल्यांवर भर आहे.

माध्यमांची समजही याच वयात रुजते. धानाच्या बांधीचे एकच छायाचित्र दोन भिन्न ओळींसह दाखवले, तर ओळ बदलताच अर्थ कसा बदलतो हे चौथीतील मूल सहज ओळखते. पूर्व विदर्भात पोवारी, गोंडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या घरांतील मुलांनी आजीची गोष्ट तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित केली, ती ऐकून मराठीत टंकित केली आणि सांगणारीचे नाव त्याखाली नोंदवले, तर संपादन, श्रेय आणि परवानगी या तिन्ही गोष्टी एकाच कामात शिकून होतात. त्यासाठी शिक्षकाचा एखादा मोबाइल आणि चालू स्थितीतील एक संगणक पुरतो. मात्र प्रत्येक मुलाची पाळी येईल असे वेळापत्रक शाळेने आखलेच पाहिजे.