मामींचा प्रश्न: पोराची कॉलेजची कबड्डी फोनवर दिसेल का?

(लोअर परळमध्ये रेकॉर्ड केलेल्या एपिसोडचं हे लिखित रूप. अडखळलेल्या जागा आणि मागून आलेले बसचे हॉर्न तेवढे काढलेत.)

 

आजचा विषय आमच्या चाळीतल्या एका मामींनी दिला. त्यांचा मुलगा कॉलेजकडून कबड्डी खेळतो. यंदा विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि पोरगं आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी परराज्यात गेलं. मामी माझ्याकडे फोन घेऊन आल्या. "अरे, तू मोबाइलवर कायकाय करत असतोस ना, मग ह्याची मॅच लावून दे. हॉटस्टारवर असेल ना?"

आता गंमत बघा. ना. म. जोशी मार्गावरून डिलाईल पूल ओलांडला की गणपतराव कदम मार्ग लागतो. तिथल्या उर्मी इस्टेटमध्ये स्टार इंडियाचं, म्हणजे आताच्या जिओस्टारचं ऑफिस. प्रो कबड्डी घराघरांत पोचवणारे हेच लोक. 26 जुलै 2014 ला लीगचा पहिला सामना झाला तोही इथून जवळच, वरळीच्या एनएससीआयमध्ये, यू मुंबा विरुद्ध जयपूर. आणि पुलाच्या अलीकडे श्रमिक जिमखाना, जिथे गिरणगावातली पोरं वर्षानुवर्षं कबड्डी खेळतायत. म्हणजे खेळणारे इथले, दाखवणारेही इथलेच. तरी मामींना मी सांगितलं, "नाही मामी, तिथे नाही दिसणार."

का नाही दिसणार, ते आधी समजून घेऊ.

मोठ्या ॲपवर जे दिसतं त्याचे हक्क कोणीतरी विकत घेतलेले असतात. कॉलेजच्या खेळाला आपल्याकडे असा घेणारा फारसा नाही. शिवाय स्पर्धांची उतरंड आहे. आधी कॉलेज विरुद्ध कॉलेज, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडतात. तो संघ विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत जातो, आपला पश्चिम विभाग. तिथून पुढे अखिल भारतीय. या स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज घेते, म्हणजे एआययू, पण प्रत्यक्ष आयोजन एखाद्या विद्यापीठाकडे दिलेलं असतं. त्यात चमकलेले संघ खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्समध्ये दिसतात. ही स्पर्धा पहिल्यांदा 2020 च्या फेब्रुवारीत भुवनेश्वरला झाली आणि 2025 च्या अखेरीस राजस्थानात.

उतरंडीच्या वरच्या पायरीवर बघणं सोपं आहे. खेलो इंडियाचे सामने दूरदर्शनच्या डीडी स्पोर्ट्सवर येतात, आणि यूट्यूबवर 'प्रसार भारती स्पोर्ट्स' नावाचं चॅनल आहे. प्रसार भारतीचं 'वेव्हज' नावाचं ॲपही नोव्हेंबर 2024 मध्ये आलंय. जगभरच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा बघायची असेल तर फिसू या संघटनेचं स्वतःचं 'फिसू टीव्ही' आहे.

पण मामींचा मुलगा होता मधल्या पायरीवर. आणि मधल्या पायरीचं प्रक्षेपण म्हणजे यजमान विद्यापीठाचं यूट्यूब चॅनल. असलं तर.

शोधताना आपण सगळे एकच चूक करतो. मीही केली. "इंटर युनिव्हर्सिटी कबड्डी लाइव्ह" असं टाकलं आणि वर आल्या त्या दोन वर्षांपूर्वीच्या मॅचेस. त्याखाली काही चॅनल्स, जिथे स्क्रीनवर नुसतं एक पोस्टर, "लाइव्ह" असा लाल ठोकळा, आणि वर्णनात लिंक: इथे क्लिक करा, फ्री रजिस्ट्रेशन. मंडळी, या लिंकवर जाऊ नका. आधी मोबाइल नंबर मागतात, मग "वय तपासायला" कार्डाचा नंबर. नाहीतर सरळ सट्ट्याच्या ॲपवर नेऊन सोडतात. कॉलेजचा सामना बघायला कार्ड लागतच नाही, एवढं डोक्यात ठेवा. आणि घरच्यांच्या फोनमध्येही ठेवा, कारण अशा लिंकवर तुम्ही नाही, मामी क्लिक करतात.

मग शोधायचं कसं? खेळाच्या नावाने नाही, यजमानाच्या नावाने. स्पर्धा कुठल्या विद्यापीठात आहे ते संघातल्या कुणालाही माहीत असतं. त्या विद्यापीठाचं चॅनल उघडा आणि त्यातला 'लाइव्ह' टॅब बघा. व्हिडिओच्या नावात तुमच्या संघाचं नाव असेल अशी आशा ठेवू नका. आम्हाला सापडला त्याचं नाव होतं "डे टू कोर्ट वन". चॅनलवर नसेल तर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं इन्स्टा किंवा फेसबुक पान. तिथेही नसेल तर संघाच्या मॅनेजर सरांना आदल्या रात्री मेसेज. मॅचच्या वेळी करू नका, ते कोर्टाच्या बाजूला घसा फोडत असतात.

तर आम्ही मॅच लावली. खोलीत सात-आठ जण. फोन बादलीला टेकवून स्टुलावर. कॅमेरा कोपऱ्यात, तोही उभा धरलेला, त्यामुळे अर्धं मैदान दिसतच नव्हतं. गुणफलक दिसत नाही. कॉमेंटरी नाही, फक्त शिट्ट्या. मामींनी मुलाला ओळखलं ते गुडघ्याच्या निळ्या पट्ट्यावरून. त्याने एक पकड केली आणि बाजूच्या खोलीतले लोकही दारात आले. शेवटची चारेक मिनिटं उरली होती, बरोबरीच्या आसपास चाललं असावं, आणि स्ट्रीम थांबली. निकाल कळला वीस मिनिटांनी, व्हॉट्सॲपवर. दोन गुणांनी हरले. मामी म्हणाल्या, "हरला ते जाऊ दे रे, पण शेवटची चढाई कोणी केली?" ते आजवर आम्हाला धड कळलेलं नाही.

आणि हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. 2022 मध्ये प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामाचा लिलाव झाला, तेव्हा बंगळुरूच्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत अंतिम फेरी गाठलेल्या दोन संघांचे 24 खेळाडू लिलावाच्या यादीत घेतले होते. म्हणजे विद्यापीठाच्या मॅटवरून थेट लीगच्या दारात. पण मधल्या पायरीवर जो हरला, त्याच्या चार चांगल्या पकडी कुठे आहेत? कुठेच नाहीत. नोकरीच्या स्पोर्ट्स कोट्याला सर्टिफिकेट चालतं. पण एखाद्या कोचला "माझा खेळ बघा सर" म्हणून पाठवायला व्हिडिओच लागतो.

अमेरिकेचं उदाहरण नेहमी दिलं जातं, म्हणून थोडक्यात. तिथे कॉलेजचा खेळ हाच मोठा धंदा. 1984 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवरची एनसीएए या संघटनेची मक्तेदारी मोडली, मग कॉलेजांचे गट स्वतःच हक्क विकायला लागले. 'मार्च मॅडनेस' या बास्केटबॉल स्पर्धेसाठी 2010 मध्ये सीबीएस आणि टर्नर यांनी 14 वर्षांचा करार केला, 10.8 अब्ज डॉलर्सचा. आणि एवढं होऊनही खेळणाऱ्या पोरांना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली ती जुलै 2021 मध्ये. त्यामुळे तिथलं सगळं उचलून इथे आणा असं मी म्हणणार नाही. मला एवढंच हवंय की यजमानाने प्रत्येक कोर्टाला एक कॅमेरा लावावा आणि व्हिडिओला संघांची नावं द्यावीत. याला अब्ज डॉलर्स लागत नाहीत.

तोवर आपणच दाखवायचं ठरवलं तर? कॉलेजच्या स्तरावर हे सहज जमण्यासारखं आहे. पण पूर्वतयारी लागते.

यूट्यूबवर फोनवरून लाइव्ह जायला चॅनलचे निदान 50 सबस्क्रायबर लागतात. पहिल्यांदा लाइव्ह सुरू करताना परवानगी मिळायला 24 तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो, म्हणजे मॅचच्या सकाळी चॅनल काढून उपयोग नाही. जुलै 2025 पासून एकट्याने लाइव्ह जायला वय किमान 16 हवं, तेव्हा ज्युनिअर कॉलेजवाल्यांनी आधी बघून घ्या.

मग डेटा. 720पी दर्जाचं चित्र पाठवायला सेकंदाला साधारण 4 मेगाबिट लागतात. तासाला 3600 सेकंद, आठाने भागा: 1800 एमबी. पुरुषांची मॅच वीस-वीस मिनिटांची, मधली पाच मिनिटं, टाइमआउट वगैरे धरून जवळपास तास. म्हणजे तुमचा रोजचा दोन जीबीचा पॅक एका मॅचमध्ये संपला. सेमीफायनल दाखवली तर फायनलला दुसऱ्याचा फोन लागणार. दोन सिम, दोन मित्र आणि एक पॉवर बँक, हे आधीच ठरवा. फोन फ्लाइट मोडवर टाकून वाय-फायवर चालवलात तर मध्येच कोणाचा साधा कॉल येऊन लाइव्ह तुटायची भीती कमी होते; वाय-फायवरून येणारे कॉल मात्र तरीही येऊ शकतात.

फोन आडवा. स्टँड थोड्या उंचीवर, मध्यरेषेच्या टोकाला, म्हणजे दोन्ही संघ डावी-उजवीकडे दिसतात. मैदान 13 मीटर लांब, तेव्हा मागे सरकून जागा घ्या. निदानरेषा आणि बोनसरेषा यांच्यात फक्त एक मीटरचं अंतर असतं. कोपऱ्यातून चित्र घेतलं तर चढाईपटूचा पाय नक्की कुठे पडला ते कोणालाच कळत नाही आणि कमेंटमध्ये भांडणं सुरू होतात.

अजून एक, हे फार कमी जणांना माहीत असतं. मध्यंतरात मैदानावर डीजे गाणी लावतो ना? ती गाणी तुमच्या लाइव्हमध्ये गेली की यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते. आधी इशारा येतो, मग तुमच्या चित्राऐवजी एक स्थिर चित्र दिसायला लागतं, नाहीतर लाइव्ह बंदच होतं. मध्यंतरात माइक म्यूट करा आणि डीजेवाल्या दादाला प्रेमाने सांगा.

आणि आयोजकांची परवानगी. लेखी नको, पण जिमखाना सेक्रेटरींना, आपल्या सरांना विचारलेलं असू दे. मुलींच्या स्पर्धेत तर विचारल्याशिवाय कॅमेरा लावूच नका, आणि लाइव्ह चॅटवर कोणालातरी बसवून ठेवा. तिथे काय काय लिहिलं जातं ते मी इथे वाचून दाखवणार नाही.

मामींच्या मुलाचा पुढचा सामना आंतरमहाविद्यालयीन आहे, इथेच, मुंबईत. स्टँड मी नेतोय. दोन सिम झाली, तिसरं मामींचं. त्यांनी अट घातलीय की शेवटची पाच मिनिटं फोनला कोणी हात लावायचा नाही.