गोटी पुढे, बांगडी मागे

उतरत्या फळीवरून काचेची गोटी आणि उभी धरलेली बारीक बांगडी एकदम सोडली, की गोटीच आधी खाली पोहोचते. बांगडी कितीही जड घ्या, निकाल तोच!

वर साठलेली स्थितिज ऊर्जा उतरताना गतिज होते. मात्र घरंगळणाऱ्या वस्तूत ती पुढे जाणे आणि स्वतःभोवती फिरणे अशी वाटली जाते. बांगडीचे सगळे वस्तुमान कडेला असल्याने निम्मी ऊर्जा फिरण्यातच जाते. भरीव गोटीत हा वाटा फक्त २/७. म्हणून १ मीटर उंचीवरून गोटी सेकंदाला सुमारे ३.७ मीटर वेग गाठते, बांगडी ३.१. वस्तुमान आणि त्रिज्या समीकरणातून चक्क गळून पडतात, हे या गणिताचे खरे देखणेपण.

फिरवण्याचे काम घर्षणाचे. ते नसते तर दोघी न फिरता घसरत, ४.४ मीटर वेगाने, बरोबरच पोहोचल्या असत्या.